राउट : हरणं वेगळं, मोडणं वेगळं

आज आपण एकच इंग्रजी क्रियापद घेऊन बसणार आहोत. आर-ओ-यू-टी, राउट. उच्चार 'आउट'सारखा. शब्दकोश उघडला तर अर्थ मिळतो, 'दारुण पराभव करणे, धुव्वा उडवणे'. इंग्रजी पेपर वाचणाऱ्याला हा शब्द दोन ठिकाणी हमखास भेटतो. एक म्हणजे क्रिकेटच्या पानावर, आणि दुसरं, निवडणुकीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर. 'अमुक राउट्स तमुक'. अर्थ कळला असं वाटतं आणि आपण पान उलटतो.

आमचं म्हणणं असं आहे की अर्थ तेव्हा अर्धाच कळलेला असतो. हा उरलेला अर्धा काय आहे आणि तो कळला नाही तर बिघडतं काय, हे आज बघायचंय. व्याख्यान मुंबईच्या उपनगरात चाललंय, तेव्हा उदाहरणंही शक्यतो इथलीच घेऊ.

शेजारचे दोन निकाल

४ जून २०२४. लोकसभेचा निकाल. बोरिवली ज्यात येतं तो उत्तर मुंबई मतदारसंघ, आणि अंधेरी ज्यात येतं तो वायव्य मुंबई. एकमेकांना लागून असलेले मतदारसंघ, मधे काही डोंगर-दऱ्या नाहीत. बोरिवलीकडे पियूष गोयल यांना ६,८०,१४६ मतं मिळाली, भूषण पाटील यांना ३,२२,५३८. फरक ३,५७,६०८ मतांचा. अंधेरीकडे रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक किती? ४८. एका सोसायटीच्या दोन मजल्यांवर मावतील एवढी माणसं.

आता प्रश्न असा. यातल्या कुठल्या निकालाला 'राउट' म्हणायचं? ४८ मतांच्या निकालाला कोणीच म्हणणार नाही. साडेतीन लाखांच्या निकालाला बहुतेक जण पटकन म्हणतील. आम्हीही म्हटलं असतं. पण हे उत्तर जरा बाजूला ठेवू, शब्द उलगडून बघू आणि मग परत इथे येऊ.

राउट, रूट आणि तुमच्या घरातला राउटर

लॅटिनमधे 'रुम्पेरे' असा एक धातू आहे. अर्थ तोडणे, फोडणे. त्याचं कर्मणी रूप 'रुप्ता', म्हणजे तुटलेली, फोडलेली. या एका शब्दाला पुढे बरीच लेकरं झाली. जंगल फोडून काढलेला रस्ता म्हणजे 'व्हिया रुप्ता', फोडलेली वाट. त्यातून फ्रेंचमधे आणि मग इंग्रजीत 'रूट' आला, शेवटी 'ई' असलेला. आपल्या बेस्टच्या बसचा जो रूट, तोच हा. अमेरिकेत त्याचा उच्चार पुष्कळ ठिकाणी 'राउट' करतात, म्हणून तुमच्या घरात वायफायची जी डबी लुकलुकते तिला आपण 'राउटर' म्हणतो.

दुसरं लेकरू आपलं आजचं. तुटून वेगळी झालेली माणसांची टोळी, तीही 'रुप्ता'च. इंग्रजीत 'राउट' म्हणजे आधी नुसता जमाव, टोळकं. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमाराला अर्थ पक्का झाला तो असा की, शिस्तीत उभी असलेली फौज फुटते, तिचा जमाव होतो, आणि जो तो वाट फुटेल तिकडे पळत सुटतो. ही अवस्था म्हणजे राउट. आणि शत्रूची ही अवस्था करणं म्हणजे 'टू राउट'.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट एकच. या शब्दाच्या पोटात आकडा नाही. किती मेले, किती फरकाने हरले, याच्याशी त्याला मुळात घेणंदेणं नाही. रांग तुटली का, एवढंच तो विचारतो. पाच हजारांची फौज शंभर माणसं गमावून राउट होऊ शकते, आणि निम्मी फौज गमावूनही रांगेत, निशाण घेऊन माघारी येणारी पलटण राउट झालेली नसते. ती हरलेली असते, बस.

मराठीत हा शब्द आहे का?

आहे, आणि फार जुना आहे. 'मोड'. बखरींच्या मराठीत फौज 'मोडते', लढाईत एका बाजूचा 'मोड' होतो. बघा, लॅटिन माणसानं तोडण्याचा धातू घेतला आणि मराठी माणसानं मोडण्याचा. दोघांची भेट झालेली नाही, पण दोघांनी रणांगणावर एकच गोष्ट पाहिली. त्याच कुळातला 'फळी फुटणे'. फळी म्हणजे माणसांची रांग. आणि फुटल्यानंतर जे होतं त्याला आपण 'दाणादाण' म्हणतो, 'पांगापांग' म्हणतो. सांडलेल्या दाण्यांसारखी माणसं विखुरतात. 'राउट'चं चित्र याहून चांगलं कोणी काढलं नसेल.

आता गंमत म्हणून एक. इंग्रजीत रस्ता आणि दाणादाण एकाच घरातून आले, आणि आपल्याकडे? 'वाट' म्हणजे रस्ता, आणि 'वाट लागली' म्हणजे काय ते मुंबईकराला समजावून सांगायला नको. 'विल्हेवाट लावणे' यातही तीच वाट आहे. याचा लॅटिनशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला सोपं पडतं.

आता 'धुव्वा उडवणे', 'धूळ चारणे', 'चारी मुंड्या चीत करणे', हे जे शब्द आपण 'राउट'साठी सर्रास वापरतो, त्यांचं चित्र जरा निराळं आहे. चीत करणं तर सरळ आखाड्यातलं. तिथे पाठ जमिनीला टेकली की कुस्ती संपली. दोन मिनिटांत टेकली काय आणि वीस मिनिटांत टेकली काय, चीत ती चीत. कुस्ती एकट्याची असते, तिथे रांग नाही, म्हणून मोडण्याचा प्रश्न नाही.

पानिपत

मोड म्हणजे काय, हे मराठी माणसाला एका तारखेनं शिकवलं. १४ जानेवारी १७६१. आपण 'पानिपत झालं' म्हणतो तेव्हा 'सगळं संपलं' असं म्हणायचं असतं. पण त्या दिवसाचा क्रम आठवा. सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि बंदुका बोलत होत्या. अन्नावाचून गांजलेली फौज, सोबत न लढणारी हजारो माणसं, आणि तरी दुपारपर्यंत लढाई मराठ्यांच्या हातून गेलेली नव्हती. मग विश्वासरावांना गोळी लागली. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. फौजेनं वर पाहिलं तर अंबारी रिकामी. तिथे फळी फुटली. त्यानंतर जे झालं ते लढाईत झालं नाही, पळापळीत झालं.

म्हणजे पानिपत हा 'राउट'चा अगदी शब्दशः अर्थ आहे. आणि तरीसुद्धा 'सगळं संपलं' हा अर्थ त्याला लागत नाही. त्याच रणांगणातून पायाला कायमची जखम घेऊन निसटलेले महादजी शिंदे दहा वर्षांनी, १७७१ मधे, मराठी फौजा घेऊन दिल्लीत होते. मोडलेली फळी परत बांधता येते. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार करताना आपण १७६१ लक्षात ठेवलं आणि १७७१ विसरलो.

भावकीतले इतर शब्द

इंग्रजीत निर्णायक पराभवाची क्रियापदं भरपूर आहेत. विद्यार्थी ती सगळी एकाच कप्प्यात टाकतात. तीन-चार वेगळी करून ठेवू.

'थ्रॅश'. हा 'थ्रेश'चाच भाऊ, म्हणजे मळणी करणे. कोकणात भाताच्या पेंढ्या आपटून दाणे काढतात त्याला आपण झोडणं, झोडपणं म्हणतो, आणि बॅट्समननं बॉलरला 'झोडपला' असंही म्हणतो. इथे दोन्ही भाषांनी एकाच खळ्यावरून शब्द उचललाय. 'थ्रॅश' म्हणजे एकतर्फी मार.

'ड्रब'. हा अरबीतल्या 'मारणे' या अर्थाच्या धातूवरून आला असावा असं कोशकार मानतात. तोच धातू फारसीमार्फत आपल्याकडे 'जरब' होऊन आला. आपल्याकडे माराची भीती उरली, इंग्रजीत मार उरला.

'ट्राउन्स'. याचं मूळ पक्कं सापडत नाही. आधी छळणं, मग शिक्षा म्हणून ठोकणं आणि मग मोठ्या फरकाने हरवणं, असा त्याचा प्रवास. आज मोठा फरक सांगायचा असेल तर हा शब्द चोख आहे.

आणि 'व्हाइटवॉश', म्हणजे मालिकेतला एकही सामना समोरच्याला न देणं. यात फरक किती ते येत नाही, फक्त सगळे सामने गेले एवढंच येतं.

व्याकरणाची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण प्रश्नोत्तरांत ती दर वेळी निघते. 'विन' हे क्रियापद सामना घेतं, प्रतिस्पर्धी घेत नाही. 'वुई वन द मॅच' बरोबर, 'वुई वन देम' चूक. 'बीट', 'डिफीट', 'थ्रॅश', 'ट्राउन्स', 'राउट' ही सगळी प्रतिस्पर्धी घेतात. मराठीत जसं आपण सामना जिंकतो आणि माणसाला हरवतो, तसंच. म्हणजे 'राउट'चं कर्म नेहमी माणसं असतात. हेही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोरिवलीच्या मुलाची मालिका

आता शब्द तासून बघू. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे न्यूझीलंडनं आपल्याला आपल्या घरात ३-० ने हरवलं. आपला कप्तान रोहित शर्मा, बोरिवलीत वाढलेला मुलगा. बंगळुरूला पहिल्या डावात आपण ४६ वर ऑल आउट. तो डाव राउट होता; फळीतला माणूस माणसाला धरून राहिला नाही. पण तिसरा सामना आठवा, वानखेडेवरचा. जिंकायला १४७ हवे होते, १२१ वर आटोपलो, २५ धावांनी गेला. ऋषभ पंत उभा होता तोवर सामना आपलाही होता. मालिका व्हाइटवॉश, हे खरं. वानखेडेचा सामना राउट, हे खोटं. एकाच मालिकेला दोन्ही शब्द सरसकट लावले की वानखेडेवरचे ते तीन दिवस गायब होतात.

उलट बाजूनं बघा. १९ डिसेंबर २०२०, ॲडलेड. भारताचा डाव ३६ वर संपला, एकाही फलंदाजाला दोन आकडी धावा नाहीत. कसोटीतली आपली सर्वांत कमी धावसंख्या. यापेक्षा चांगलं राउटचं उदाहरण शोधून मिळायचं नाही. त्यानंतर कोहली घरी परतला, अजिंक्य रहाणेनं फळी बांधली, मेलबर्न जिंकलं, सिडनीला सामना वाचवला, आणि बरोबर एका महिन्यानं, १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेन जिंकून मालिका २-१ ने घेतली. डाव मोडला होता, संघ मोडला नव्हता. राउट हा शब्द त्या दुपारचा होता, त्या संघाचा नव्हता.

१९६२ ची उत्तर मुंबई

आता निवडणुकीकडे येऊ. १९६२ मधे उत्तर मुंबईत एक लढत झाली, जिच्याकडे परदेशातल्या पत्रकारांचंही लक्ष होतं. एका बाजूला संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन, पाठीशी साक्षात नेहरू. दुसऱ्या बाजूला आचार्य जे. बी. कृपलानी, एके काळचे काँग्रेसचे अध्यक्ष. मेनन जवळपास १ लाख ४५ हजार मतांनी जिंकले. त्या काळच्या मानानं हा प्रचंड आकडा. 'ट्राउन्स' म्हणा, 'थ्रॅश' म्हणा, दोन्ही चालतील.

पण पुढे काय झालं? त्याच वर्षी चीनशी युद्ध झालं आणि मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं. कृपलानी १९६३ मधे अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत पोचले, आणि त्या ऑगस्टमधे स्वतंत्र भारताच्या लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव त्यांनी मांडला. ठराव पडला. मात्र सरकारला पहिल्यांदा त्या तऱ्हेनं उत्तर द्यायला लावणारा माणूस हा उत्तर मुंबईत 'धुव्वा उडालेला' माणूस होता. आणि मेनन? १९६७ मधे काँग्रेसनं तिकीट दिलं नाही, ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या स. गो. बर्व्यांकडून हरले. बर्व्यांचं लगेच निधन झालं. पोटनिवडणुकीत मेनन पुन्हा उभे राहिले आणि बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे यांच्याकडून पुन्हा हरले.

म्हणून 'निर्णायक पराभव' या शब्दातलं 'निर्णायक' हे विशेषण जपून वापरावं. ते त्या एका निवडणुकीपुरतं निर्णायक असतं.

समोर कोणीच नसेल तर?

आता एक अवघड केस. अंधेरी पूर्व, विधानसभेची पोटनिवडणूक, निकाल ६ नोव्हेंबर २०२२. आमदार रमेश लटके यांच्या निधनानं जागा रिकामी झाली होती. त्यांच्या पत्नी ऋतुजा लटके उभ्या राहिल्या, भाजपनं आपला उमेदवार मागे घेतला. लटके यांना ६६ हजारांहून अधिक मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावर कोण? 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'. १२,८०६ मतं.

फरक पन्नास हजारांच्या वर. मग इथे कोणी कोणाला राउट केलं? क्रियापदाला कर्म हवं, आणि कर्म म्हणजे माणसं, हे आपण मघाशी पाहिलं. इथे समोर लढणारी फळीच नव्हती. फळी नाही, तर फुटणार काय? तेव्हा आकडा कितीही मोठा असो, 'राउट' हे क्रियापद इथे बसतच नाही. विजय खरा, पण तो या शब्दात मावत नाही.

परत बोरिवलीला

आता मघाचा प्रश्न. उत्तर मुंबईत २०२४ ला राउट झाला का? आजच्या इंग्रजीत मोठ्या फरकालाही 'राउट' म्हणतात, शब्दकोशही ते मान्य करतात. तेव्हा कुणी तसं लिहिलं तर ती भाषेची चूक नाही, हे आधी सांगून टाकतो. पण आमचं मत विचाराल तर तिथे 'ट्राउन्स' लिहावं, किंवा मराठीत सरळ 'साडेतीन लाखांहून अधिक मतांनी पराभव'. कारण राउट म्हणायचं तर फळी मोडलेली दाखवावी लागेल, आणि ३,२२,५३८ माणसं रांगेत उभी राहून, बोटाला शाई लावून मत देऊन आली होती. झालेल्या दर तीन मतांतलं जवळजवळ एक.

मराठीत यासाठी एक मोजता येण्यासारखा शब्दप्रयोग आहे, 'डिपॉझिट जप्त'. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत रक्कम सरकारजमा होते. ही कायद्यातली रेघ आहे, तिच्यावर कोणाचं मत चालत नाही. इथे हरलेला उमेदवार या रेघेच्या पुष्कळ वर होता.

आणि आता सुरुवातीला जे म्हटलं, बिघडतं काय, ते. निकालाच्या संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय फिरतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. 'साफ केलं', 'सुपडा साफ', 'नामोनिशाण उरलं नाही'. आज एका पक्षाचे लोक लिहितात, पाच वर्षांनी दुसऱ्या. ज्याचं नामोनिशाण उरलं नाही म्हणून आपण लिहितो, तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. उद्या सकाळी पाण्याच्या टँकरसाठी त्याच्याबरोबरच उभं राहायचं असतं. उमेदवार हरतो. मत देणारा कुठे जात नाही, तो त्याच मतदारसंघात राहतो, आणि निवडून आलेला खासदार त्याचाही खासदार असतो. तो उरलाच नाही असं सांगणारा शब्द रोज वापरला, की हळूहळू तो आपल्याला खरंच दिसेनासा होतो. भाषेचं नुकसान यापेक्षा लहान आहे.

म्हणून 'राउट' लिहिण्याआधी, किंवा त्याचं मराठी करण्याआधी, आम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारतो. समोर लढणारं कोणी होतं का? नसेल तर हा शब्द नको. फळी मोडली का, की नुसता फरक मोठा आहे? नुसता फरक असेल तर आकडा द्यावा, तो कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त बोलतो. आणि तिसरा, मोडलं ते नेमकं काय? डाव, सामना, मालिका की संघ? जे मोडलं तेवढ्यालाच शब्द लावावा.

शेवटी एक खेळातलंच सांगतो आणि थांबतो. आपल्याकडच्या गल्ल्यांमधून, मैदानांतून कबड्डी वाढली. कबड्डीत समोरची सगळी फळी बाद झाली की तिच्यावर 'लोण' चढतं. सातच्या सात बाहेर, मैदान रिकामं. याहून पुरा मोड कुठल्या खेळात नाही. आणि नियम काय आहे? लोण चढवणाऱ्याला जादा दोन गुण मिळतात, आणि त्याच क्षणी सातही जण परत मैदानात येऊन उभे राहतात. खेळ तिथून पुढे चालू होतो.

प्रश्न असतील तर आता घेऊ.